वाचकांचे प्रश्न : लिनक्सवर गेम मध्येच बंद पडतो तेव्हा

उन्हाळा लागला की या सदराकडे एकाच धाटणीची पत्रे येतात : ‘ग्राफिक्सचा ड्रायव्हर क्रॅश होतो, कोणता टाकू?’ बहुतेकांनी ड्रायव्हर काढून-टाकून पाहिलेला असतो, पण कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) नोंद एकदाही उघडलेली नसते. म्हणून खाली आधी नोंद, मग दुरुस्ती. कमांड छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप कराव्यात. मोठी अक्षरे लागतात तिथे तसे लिहिले आहे.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० आहे, उबुंटू टाकले आहे. थंडीत गेम तासन्‌तास चालायचा. आता मे महिन्यात पंधरा-वीस मिनिटे झाली की पडदा काळा होतो, आवाज मात्र सुरूच राहतो. पॉवरचे बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नसतो. ड्रायव्हर बदलून पाहिला, फरक नाही.
— एक वाचक, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)

उत्तर : आवाज सुरू आहे म्हणजे कर्नल जिवंत आहे, गेले आहे ते फक्त ग्राफिक्स. अशा वेळी बटण दाबून धरले तर हाती लागणारा पुरावाच पुसला जातो, कारण साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या होण्यात काही मिनिटांचा उशीर असू शकतो. त्याऐवजी ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवा आणि एकेक सेकंद थांबत एस, यू, बी ही अक्षरे दाबा. एस म्हणजे डिस्कवर सगळे लिहून टाक, यू म्हणजे डिस्क फक्त वाचनापुरती ठेव, बी म्हणजे रीस्टार्ट. इंटरनेटवर सहा अक्षरांचा लांब मंत्र सांगतात, पण उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये त्यातली हीच तीन चालतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावे लागते.

मशीन पुन्हा सुरू झाले की टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ चालवा. ही मागच्या वेळची कर्नलची नोंद. शेवटाकडे जा आणि ‘एक्सआयडी’ शब्द शोधा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक बिघाडाला क्रमांक देतो. १३ किंवा ३१ आला आणि तोही एकाच गेममध्ये, तर संशय त्या गेमवर किंवा ड्रायव्हरवर. तिथे दुसरी आवृत्ती टाकून पाहण्यात अर्थ आहे. पण ७९ आला, सोबत ‘जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस’ असे वाक्य असले, तर कार्डाने मदरबोर्डला उत्तर देणेच थांबवले आहे. हे उष्णतेचे, विजेचे किंवा जोडणीचे लक्षण आहे. ड्रायव्हर कितीही बदला, ते जाणार नाही.

तुमचे वर्णन उष्णतेकडे बोट दाखवते. हिशेब करून पाहा. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना चिप ७० दाखवत असेल, तर ती खोलीपेक्षा ५० अंश वर आहे. मे महिन्यात खोलीच ४२ झाली आणि पंखा आधीपासून पूर्ण वेगात असला, तर तोच गेम चिपला ९२ च्या घरात नेतो. खेळताना दुसऱ्या खिडकीत ‘एनव्हिडिया-एसएमआय -एल २’ चालू ठेवा. दर दोन सेकंदांनी तापमान दिसेल. तुमच्या कार्डाची स्वतःची मर्यादा ‘एनव्हिडिया-एसएमआय -क्यू -डी टेम्परेचर’ दाखवते, शेवटचा शब्द मोठ्या अक्षरांत.

आधी सफाई. जिनिंगच्या हंगामात कापसाचा तंतू जाळीत अडकून नमद्यासारखा थर होतो आणि तो बाहेरून दिसत नाही. मागचे झाकण काढून पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, मगच ब्लोअर मारा. मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरला की त्याचे बेअरिंग जाते. दोन-तीन वर्षांत थर्मल पेस्ट बदललेली नसेल तर तीही बदला. कूलरची गार हवा खोलीत येऊ द्या, पण लॅपटॉप कूलरच्या थेट तोंडाशी नको : तुषार आत जातात आणि बोअरच्या पाण्यातला क्षार पाठोपाठ बसतो.

नंतर कार्डाला लगाम. ‘सुडो एनव्हिडिया-एसएमआय -एलजीसी ३००,१२००’ ने क्लॉक १२०० मेगाहर्ट्झच्या वर जात नाही. ‘-आरजीसी’ ने पूर्ववत होते. मँगोहड या गेमसोबत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दर सेकंदाच्या फ्रेमची मर्यादा ४५ ठेवली तर उष्णता आणखी उतरते. डोळ्याला फारसा फरक पडत नाही.

एक अपवाद. गेम सुरू होतानाच, चिप ५०-५५ अंशांवर असताना ७९ येत असेल, तर दोष कार्डाला झोपवण्या-उठवण्याच्या वीजबचतीत असू शकतो. मशीन सुरू होतानाच्या ग्रबच्या यादीत (ती आणण्याची रीत पुढच्या उत्तरात) ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ जोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरता असतो, म्हणून चाचणीला निर्धोक.

प्रश्न : डेस्कटॉपवर लिनक्स मिंट, कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. अपडेट चालू असताना लाइन गेली. आता मशीन सुरू होते पण पडदा मोठाले चौकोन दिसतील इतका भरड, आणि गेम म्हणतो व्हल्कन (गेमला कार्डाशी जोडणारी ग्राफिक्सची प्रणाली) सापडत नाही. सगळे पुसून नव्याने टाकावे का?
— एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)

उत्तर : पुसू नका. पॅकेज उघडले गेले, पण त्याची मांडणी अर्ध्यावर राहिली आहे. कर्नल नवा आला आणि त्याच्यासाठीचे एनव्हिडियाचे मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) तयार झाले नाही, तर नेमके हेच दिसते. ‘जीएलएक्सइन्फो -बी’ (इथे बी मोठा) उपलब्ध असेल तर चालवून पाहा : उत्तरात ‘एलएलव्हीएमपाइप’ आले तर चित्र सध्या प्रोसेसर काढतो आहे, कार्ड बाजूलाच बसले आहे. ही कमांड नसली तर तपशील मिंटच्या ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’मध्येही मिळतो.

या क्रमाने चला. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ अर्धवट राहिलेली मांडणी पुरी करते. मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. मग ‘डीकेएमएस स्टेटस’. त्यात एनव्हिडियापुढे चालू कर्नलचा क्रमांक आणि ‘इन्स्टॉल्ड’ दिसले पाहिजे. नुसते ‘ॲडेड’ असेल तर बहुधा त्या कर्नलचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल) आलेले नाहीत. ‘युनेम -आर’ जो क्रमांक सांगेल, तो ‘लिनक्स-हेडर्स-’ च्या पुढे लावून ते पॅकेज टाका. मॉड्यूल आपोआप बांधले जाईल. शेवटी ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ आणि रीस्टार्ट. पडदा अजिबात येत नसेल तर सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रब आणा आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. तो बहुतेकदा धडधाकट असतो.

मॉड्यूल ‘इन्स्टॉल्ड’ आहे आणि तरी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ म्हणते ड्रायव्हरशी बोलणे होत नाही? मग ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ पाहा. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर टाकल्यावरच्या पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, ‘एनरोल एमओके’ विचारतो आणि दहा सेकंदांत कुणी कळ दाबली नाही तर गुपचूप पुढे निघून जातो. ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ ने तो पुन्हा बोलावता येतो. गेमसाठीच मशीन असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करणे सोपे.

ड्रायव्हर निवडताना ५८० ही शाखा तुमच्या पास्कल पिढीची शेवटची. ५९० पासून ही कार्डे वगळली आहेत, तेव्हा मोठा आकडा दिसला म्हणून तो घेऊ नका.

पुढच्या वेळी काम दोन भागांत करा. ‘सुडो एपीटी फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली’ फक्त पॅकेज उतरवून ठेवते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मधेच तुटले तरी उतरलेला भाग वाया जात नाही आणि या टप्प्यात लाइन गेली तर काहीच बिघडत नाही. मग लोडशेडिंगची वेळ टाळून तीच कमांड शेवटच्या शब्दाशिवाय चालवा. धोका फक्त त्या काही मिनिटांचा उरतो. तेवढ्याला साधा ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो.

प्रश्न : जुन्या मालाच्या दुकानातून आरएक्स ५८० घेतले. गेममध्ये रंगीत चौकटी दिसतात, मग सगळे गोठते. नोंदीत ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ आणि नंतर ‘जीपीयू रीसेट’ आहे. कधी कधी तर मशीन धाडकन रीस्टार्टच होते.
— एक वाचक, मेहकर (जि. बुलडाणा)

उत्तर : तुम्ही दोन वेगळे बिघाड एकाच पत्रात लिहिले आहेत, ते वेगळे करूनच पाहायला हवेत.

धाडकन रीस्टार्ट होते तेव्हाची नोंद उघडा. ती काहीच तक्रार न करता मधेच तुटलेली असेल, तर वीज कमी पडली. आरएक्स ५८० सुमारे १८५ वॅट ओढते. १२ व्होल्टने भागले तर एकट्या कार्डाला १५ अँपिअरच्या वर लागतात, प्रोसेसर वेगळा. पॉवर सप्लायवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले ‘४५० वॅट’ विसरा. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा. २८-३० च्या खाली असेल तर सप्लाय बदला. कार्डाची आठ पिनांची जोडणी हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनी वायरीवरून काढली असेल तर ती आजच काढा. त्या पिना वितळतात. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज पडते, तेही मल्टिमीटरने त्या वेळेलाच मोजा. सप्लायवर ‘२००–२४०’ छापले असेल आणि मीटर १७५ दाखवत असेल, तर दोष कार्डाला देऊ नका. ‘१००–२४०’ चा सप्लाय तिथे टिकतो.

रंगीत चौकटी मात्र मेमरीची खूण. या मालिकेची बरीच कार्डे क्रिप्टो नाणी खणायला वापरली गेली आणि त्यांच्या बायोसमध्ये मेमरीचे टायमिंग ताणलेले असते. लॅक्ट नावाचे सॉफ्टवेअर टाका, परफॉर्मन्स लेव्हल ‘लोएस्ट क्लॉक्स’वर ठेवा आणि तासभर खेळा. गेम रखडत चालेल, ते सोडून द्या. चौकटी आणि टाइमआउट गेले तर क्लॉक-मेमरी-वीज या घरात दोष आहे. तरीही आले तर मेमरीची चिप गेलेली असू शकते किंवा दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे. काही कार्डांच्या कडेला छोटी सरकपट्टी असते, ती दुसऱ्या बायोसची. मशीन बंद करून ती सरकवा. तिथे अनेकदा मूळ बायोस शाबूत मिळतो. दुकानदाराने परत घेण्याची मुदत दिली असेल तर ही सगळी चाचणी त्या मुदतीत उरका.

आणि टाइमआउट एकाच गेममध्ये, चौकटींशिवाय येत असेल, तर घरच्या फोल्डरमधल्या ‘.कॅश’ या लपलेल्या फोल्डरातला ‘मेसा_शेडर_कॅश’ने सुरू होणाऱ्या नावाचा फोल्डर पुसा, मेसा (या कार्डाचा ग्राफिक्स ड्रायव्हर) अद्ययावत करा, प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या सॉफ्टवेअरची) दुसरी आवृत्ती लावा. तिथे सॉफ्टवेअर बदलण्याला अर्थ आहे.

प्रश्न : ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय५ घेतला, सोबत जीटी ७१०. स्टीमवरचे विंडोजचे गेम उघडतच नाहीत, लगेच बंद.
— एक वाचक, मोर्शी (जि. अमरावती)

उत्तर : हा क्रॅश नाही, नकार आहे. जीटी ७१० केप्लर पिढीचे. त्याचा शेवटचा ड्रायव्हर ४७० आणि तो व्हल्कन १.२ पर्यंतच जातो. प्रोटॉन ८ पासून व्हल्कन १.३ लागते. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीतून प्रोटॉन ७ निवडा. तेवढ्यानेही नाही जमले तर लाँच ऑप्शन्समध्ये ‘प्रोटॉन_यूज_वाइनडी३डी=१ %कमांड%’ लिहा; बरोबरच्या चिन्हाआधीचे सगळे मोठ्या अक्षरांत. चित्र ओपनजीएलवरून जाईल, हळू पण जाईल. कार्ड काढून आय५ चे अंगभूत ग्राफिक्स वापरावे म्हणाल, तर त्या पिढीचा व्हल्कनही अपुराच आहे. सुपरटक्सकार्ट किंवा झिरो ए.डी. यांना प्रोटॉन लागतच नाही. एक काळजी घ्या : ४७० ची देखभाल २०२४ मध्ये थांबली, त्यामुळे अगदी नव्या कर्नलवर तो बांधला जाईलच असे नाही. एलटीएस (दीर्घकाळ देखभालीच्या) आवृत्तीच्या मूळ कर्नलवर राहा.

प्रश्न : गेम कोणताही संदेश न देता गायब होतो आणि डेस्कटॉप दिसतो. मोठा नकाशा उघडला की हमखास. रॅम ८ जीबी.
— एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)

उत्तर : ‘जर्नलसीटीएल -बी’ मध्ये ‘आउट ऑफ मेमरी : किल्ड प्रोसेस’ किंवा ‘सिस्टिमडी-ऊमडी’ शोधा. सापडले तर रॅम संपली आणि सिस्टिमनेच गेम मारला. ग्राफिक्सचा संबंध नाही. खेळताना ब्राउझर बंद ठेवा आणि ८ जीबीची स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जोडा : ‘सुडो फॅलोकेट -एल ८जी /स्वॅप२’ (इथे जी मोठा), मग त्याच फाइलवर ‘सीएचमॉड ६००’, ‘एमकेस्वॅप’, ‘स्वॅपऑन’, प्रत्येकाआधी सुडो. सुरू होताना काय जोडायचे त्याच्या ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये ओळ घातली नाही तर रीस्टार्टनंतर ती बंद असेल.

यातले काहीच सापडले नाही तर लाँच ऑप्शन्समध्ये ‘प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%’ लिहा, पहिले दोन शब्द मोठ्या अक्षरांत. घरच्या फोल्डरमध्ये ‘स्टीम-’ आणि गेमचा क्रमांक अशा नावाची फाइल तयार होते. तिच्या शेवटच्या पन्नास ओळी, ‘युनेम -आर’ चे उत्तर आणि कार्डाचे नाव एवढे पत्रासोबत पाठवा.