खूप वर्षांनी ऑनलाइन आलेल्या मित्राला कोणता गेम सांगू?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी भुसावळचा, रेल्वेत नोकरीला आहे, नाव छापू नका. कॉलेजात असताना याहू मेसेंजरवर एक मित्र झाला होता, मूळचा चोपड्याचा. समोरासमोर कधी भेटलो नाही पण रात्र रात्र गप्पा चालायच्या आणि विषय ठरलेला, बाल्डर्स गेट टू नाहीतर फॉलआउट टू. मग तो सुरतला नोकरीला गेला, लग्न झालं आणि गायबच झाला. यंदा आखाजीला अचानक मेसेज, "भो, आहेस का?" आणि तेव्हापासून एकच विचारून राह्यला की तसले रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपलं पात्र घडवून गोष्टीत आपणच निर्णय घ्यायचे ते, आता निघतात का आणि मी कुठून सुरू करू. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पोरगी लहान आहे, रात्री तासभर मिळतो, तोही मिळाला तर. मी एक भलीमोठी यादी करून ठेवलीय पण पाठवावी की नाही कळत नाहीये. बाल्डर्स गेट थ्री तर सांगायलाच हवा ना?

उत्तर: भाऊ, यादी पाठवू नका. एवढ्या वर्षांनी आलेल्या माणसाला इतकी नावं एकदम दिली की तो यूट्यूबवर प्रत्येकाचा ट्रेलर बघत बसेल, दोन रात्री त्यातच जातील आणि खेळायचं राहूनच जाईल. एकच गेम सांगा आणि तोच गेम त्याच आठवड्यात तुम्हीही सुरू करा. माझं खरं सांगणं एवढंच आहे, पुढचं सगळं कोणता आणि का त्याबद्दल.

आधी त्याच्या पहिल्या प्रश्नाचं बघू, म्हणजे असले गेम निघतात का. त्याला तसं वाटणं साहजिक आहे, कारण त्याच्या काळानंतर खरंच दुष्काळ पडला होता. बाल्डर्स गेट टू २००० चा, फॉलआउट टू १९९८ चा, आणि २००४-०५ नंतर वरून दिसणारी पार्टी, म्हणजे आपल्या पात्रांची टोळी, खूप सारं वाचन, फासे टाकल्यासारखे नियम असलं काही करायला मोठ्या कंपन्या तयारच नव्हत्या, २००९ चा ड्रॅगन एज ओरिजिन्स सोडला तर फारसं काही सांगण्यासारखं नाही. मग २०१२ मध्ये ऑब्सिडियन या गेम कंपनीने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर थेट खेळणाऱ्यांकडेच पैसे मागितले आणि लोकांनी जवळपास ४० लाख डॉलर जमवून दिले, त्यातून २०१५ मध्ये पिलर्स ऑफ इटर्निटी आला. त्याच सुमारास वेस्टलँड टू, डिव्हिनिटी ओरिजिनल सिन, शॅडोरन असे एकामागून एक येत गेले. म्हणजे तुमचा मित्र नसताना हा प्रकार संपत आला आणि परत उभाही राहिला. हे त्याला नक्की सांगा, आनंद होईल त्याला.

आता बाल्डर्स गेट थ्री. गेम अप्रतिम आहे यात वाद नाही, २०२३ चा, लॅरियन कंपनीचा, वर्षभरातले मोठे पुरस्कार त्यानेच नेले, आणि तुमच्या मित्राचे जुने साथीदार जाहेरा आणि मिन्स्क त्यात पुन्हा भेटतात, कथा शंभरहून जास्त वर्षांनंतरची असूनसुद्धा. पण त्याच्या लॅपटॉपवर तो चालणार नाही. आठ जीबी रॅम कमीत कमी म्हणून लिहिलीय ते ठीक, पण सोबत जीटीएक्स ९७० तरी कार्ड मागितलंय, आणि जागा लागते १५० जीबी, तीही एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर. घरी फायबर नसेल आणि मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर भागत असेल तर नुसता उतरवायलाच पंचाहत्तर दिवस. आत्ता त्याचं नाव काढलंत तर तो बिचारा नवीन लॅपटॉपचे हप्ते मोजत बसेल. पुढे कधी मशीन घेतलं तर बघता येईल.

मग काय द्यायचं? मी शॅडोरन ड्रॅगनफॉल सांगेन, डायरेक्टर्स कट. २०१४ चा आहे, हेअरब्रेन्ड स्कीम्स कंपनीचा, साध्या लॅपटॉपवर आरामात चालतो. निवडण्याचं मुख्य कारण म्हणजे तो टर्न-बेस्ड आहे, तुमची पाळी संपवल्याशिवाय समोरचा हलत नाही. आपण बाल्डर्स गेट टू खेळायचो तेव्हा स्पेसबार दाबून थांबवायचं, हुकूम द्यायचे, सोडायचं, परत थांबवायचं असं चालायचं, त्यात मजा होती पण डोकं सतत तिथे ठेवावं लागायचं. लहान पोर उठून रडायला लागलं, बायकोने हाक मारली, तर टर्न-बेस्ड गेम तिथल्या तिथे थांबून राहतो, वीस मिनिटांनी परत या, कोण कुठे उभा आहे हे समोर दिसतंच. यात कुठेही सेव्ह करता येतं, आणि सगळा गेम वीस-पंचवीस तासांत होतो. रोज तास मिळाला तरी महिनाभरात शेवट बघायला मिळेल, आणि इतक्या वर्षांनी खेळणाऱ्याला गेम पूर्ण होणं फार गरजेचं असतं असं मला मनापासून वाटतं. शंभर तासांचा गेम अर्ध्यात सुटला की माणूस म्हणतो आपलं वय झालं आता, आणि परत गायब.

गोष्ट अशी की २०५४ सालचं बर्लिन, जादू परत आलेली, एल्फ आणि ट्रोल रस्त्यावर फिरतायत, कॉम्प्युटरच्या जाळ्यात शिरून चोरी करणारे डेकर आहेत, आणि आपण भाड्याने कामं घेणाऱ्या एका टोळीत. पहिल्याच कामगिरीत टोळीची म्होरकी मारली जाते आणि ती जबाबदारी आपल्यावर येऊन पडते, बाकीच्यांना ते फारसं पटलेलं नसतं. क्रॉयत्सबाझार नावाची एक छोटी वस्ती आपलं घर. दर कामानंतर तिथे परत यायचं, दुकानदाराशी बोलायचं, टोळीतल्या प्रत्येकाशी बोलायचं. ग्लोरी म्हणून एक आहे, हात पार धातूचे करून घेतलेले, जखमींवर उपचार करणारी तीच, पण स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही. तिच्याशी घाई करून बोललं की ती गप्प होते, धीराने, दर फेरीला थोडं थोडं विचारत राहिलं तर हळूहळू उलगडते. आणि वर पैशांचं टेन्शन, एका माहितीसाठी पन्नास हजार न्युयेन, म्हणजे तिथलं चलन, जमवायचेत, त्यामुळे कोणतं काम घ्यायचं, कोणाकडून घ्यायचं, काम करताना कोणाला फसवायचं आणि कोणाला नाही, प्रत्येक वेळी विचार करावा लागतो.

इथेच सोबत खेळण्याचा मुद्दा येतो. तुम्ही एक काम एका पद्धतीने कराल, तो दुसऱ्या. तुमचा डेकर असेल, त्याचा रस्त्यावरचा सामुराई, म्हणजे अंगात यंत्रं बसवून लढणारा, तुम्हाला कॉम्प्युटरमधून जे कळलं ते त्याला कळलेलंच नसणार. रविवारी फोनवर "तू त्या माणसाला सोडलंस का मारलंस?" एवढं विचारलं की तासभर कुठे गेला कळणार नाही. तुम्ही दोघं मुळात भेटलातच या गप्पांवर. फक्त एक करा, तुम्ही पुढे गेलात तर पुढचं सांगू नका. तुमची शिफ्ट ड्युटी, त्याचा तासभर वेळ, कोणी तरी मागे राहणारच, त्याला मनाप्रमाणे येऊ द्या.

दुसरं नाव माझ्या मनात होतं डिस्को एलिझियम, २०१९ चा, आणि खरं तर हाच माझा जास्त लाडका. वीसेक जीबी जागा, वेगळं कार्ड लागत नाही. यात लढाई नावाची वेगळी गोष्टच नाही, सगळं बोलण्यातून. एक डिटेक्टिव्ह, दारू पिऊन स्वतःचं नावही विसरलेला, लॉजच्या खोलीत जमिनीवर उठतो, टाय वर पंख्याला लटकून फिरतोय. तो टाय काढायला गेलात आणि तब्येतीचे गुण कमी ठेवले असतील तर तिथेच हार्ट अटॅक येऊन गेम संपू शकतो, पहिल्या पाच मिनिटांत! चोवीस स्किल आहेत आणि ती सगळी डोक्यात बसून आपापसात भांडतात, एक म्हणतं खोटं बोल, दुसरं म्हणतं माफी माग. सोबत किम कित्सुरागी नावाचा पोलीस सहकारी, वही काढून शांतपणे टिपणं घेणारा, त्याच्यासमोर आपण मूर्खपणा केला की आपल्यालाच लाज वाटते, गेममधल्या दुसऱ्या कुठल्या पात्रासमोर मला असं झालं नाही. पण वाचन प्रचंड आहे आणि मजकूर जड. दिवसभर कंपनीत उभं राहून आलेला माणूस रात्री साडेदहाला हे वाचेल का ते तुम्हालाच माहीत, तुम्ही त्याला ओळखता. फॉलआउट टूमध्ये त्याला गोळीबारापेक्षा लोकांना बोलण्यात गुंडाळणं आवडत असेल तर ड्रॅगनफॉलच्या आधी हाच द्या, बेधडक.

आणि कधी दोघांना एकाच वेळी बसायला मिळालं, दिवाळीच्या सुट्टीत वगैरे, तर डिव्हिनिटी ओरिजिनल सिन टू ऑनलाइन एकत्र खेळा, चार जणांपर्यंत जमतं. २०१७ चा आहे, त्याला थोडं बरं मशीन लागेल. एकाने पाऊस पाडायचा, दुसऱ्याने त्या डबक्यात वीज सोडायची, सगळे शत्रू जागच्या जागी सुन्न, आणि चुकून आपलाच भिडू त्या पाण्यात उभा असला तर फोनवर जी बोंबाबोंब होते ती ऐकण्यासारखी असते. पेट पॅल नावाचं टॅलेंट एकाने तरी घ्याच, प्राण्यांशी बोलता येतं, आणि तिथले कुत्रे-उंदीरसुद्धा कामाचं बोलतात.

पाथफाइंडर मालिकेतले गेम, तेही याच जातीचे, सध्या नको. चांगले आहेत, पण नियमांचा डोंगर आहे, कॅरेक्टर बनवण्यातच आठवडा जातो.

विकत घेताना, स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल आणि घेऊन चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत मिळतात, तेव्हा लॅपटॉपवर नीट चालतो का ते पहिल्याच दिवशी बघून घ्यायचं. जीओजी या तसल्याच दुसऱ्या साइटवर मिळत असेल तर तिथून घेतलेला बरा, इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो, नंतर नेट असो नसो. आणि मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या पुढे पारा गेला की लॅपटॉपही तापतो, सेटिंगमध्ये फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची तो आकडा, तीसवर बांधून ठेवा, या गेमना त्याने काही फरक पडत नाही आणि पंखा ओरडायचा थांबतो. सुरतला उकाडा वेगळा असला तरी त्यालाही सांगा.

प्रश्न: ताई, मी धुळ्याला इंजिनिअरिंगला आहे. सेलमध्ये पहिला बाल्डर्स गेट एनहान्स्ड एडिशन घेतला, मॅजिशियन केली, आणि लांडगे नाहीतर चिल्लर गुंड येऊन मारून टाकतात. चांगलं चिलखत घातलं की आर्मर क्लासचा आकडा कमी होतो, आणि परवा तर माझ्या साथीदाराची तलवारच मोडली! गेम बिघडलाय का?

उत्तर: अजिबात बिघडलेला नाही गं. हा गेम १९९८ चा, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर उभा आहे. त्यात आर्मर क्लास, म्हणजे आपल्याला वार लागणं किती अवघड तो आकडा, जितका कमी तितका चांगला, शून्याच्या खाली गेला तर उत्तमच. पुढच्या आवृत्तीत हे उलटं केलं, म्हणून आताचे गेम खेळून आलेल्या सगळ्यांचाच इथे घोटाळा होतो. तलवार मोडली ती कथेमुळे, त्या मुलुखात लोखंडच सडतंय, तेच तर पहिलं कोडं आहे, तोवर दोन-तीन जास्तीची हत्यारं जवळ ठेवायची. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, चारेकच असतात म्हणून एकटी फिरू नकोस, इमोएन ही साथीदार वाटेतच भेटते, आणि तिथून सरळ फ्रेंडली आर्म इनकडे जा, तिथे खालिद आणि जाहेरा हे आणखी दोन साथीदार थांबलेत. स्लीप हा मंत्र घे, सुरुवातीला अख्खी टोळी झोपवतो. ऑप्शनमध्ये ऑटो-पॉजही आहे, शत्रू दिसताच थांब असं लावून ठेव. तरी जमेना तर स्टोरी मोड लाव आणि गोष्ट बघ, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: शहाद्याहून लिहितोय. माझा मुलगा नववीत, मराठी माध्यम. हे गेम त्याला झेपतील का? मराठीत आहेत का एखादा?

उत्तर: दादा, मी इथे सांगितलेल्यांपैकी मराठीत एकही नाही, आणि वयाचं म्हणाल तर डिस्को एलिझियम, बाल्डर्स गेट थ्री मोठ्यांसाठीचे आहेत, नववीला नकोत. पहिला बाल्डर्स गेट चालेल. त्यातली वाक्यं आपण पुढे ढकलेपर्यंत पडद्यावर थांबून राहतात, शब्द अडला तर डिक्शनरी बघायला वेळ मिळतो. पहिले आठ दिवस तुम्ही शेजारी बसा, तो वाचेल, अडेल तिथे तुम्ही सांगा, आणि काय निवडायचं ते मात्र त्यालाच ठरवू द्या.