बाळंतपणात हयगय झाली म्हणून संधिवात होतो का?

तुमची बायको 31 वर्षांची, बाळ आठ महिन्यांचं आणि डॉक्टरांनी संधिवात सांगितलाय. हा तर म्हातारपणचा आजार, मग बाळंतपणात हयगय झाली म्हणून झाला का, आणि लिहून दिलेली 'कॅन्सरची गोळी' द्यावी की पथ्यावर भागेल, असं तुम्ही विचारलंय. हयगयीचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण माझ्या मुलीच्या वेळी ही हयगय माझ्या नावावर लागली होती.

तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माझ्याकडे झालं. शेक, शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कशात म्हणून कसर ठेवली नाही. बाळाला घेऊन ती सासरी गेली आणि थोड्याच दिवसांत तिला झबल्याची टिचबटणं लावता येईनात. लंगोटाची गाठ दातांनी सोडवायची. सकाळी उठलं की बोटांची मुळं सुजलेली, मूठ वळायची नाही. दहा-अकरा वाजले की हात मोकळे व्हायचे आणि ती पोळ्यासुद्धा लाटायची. त्यामुळे घरात सगळ्यांचा समज असा, की हिला सकाळच्या कामाचा कंटाळा आहे. विहीणबाईंनी मला फोनवर सरळ ऐकवलं, "शेकायला आळस केलात, पोरीच्या अंगात वारं शिरलं." ते वाक्य मी विसरलेले नाही.

त्या स्वतःचा दाखलाही द्यायच्या, "मलाही संधिवात आहे, मी कुठे गोळ्या खाते?" सगळा घोळ इथेच आहे, दोन वेगळ्या आजारांना आपण एकच नाव देतो. त्यांचे गुडघे झिजलेत. बसून उठलं की जरा आखडतात, चार पावलं टाकली की सुटतात, मात्र जिना चढला की दुखतात. माझ्या मुलीचं वेगळं होतं. आखडायचं तिचंही, पण ते चार पावलांत नाही, सुटायला तास न् तास लागायचे. तिचा तो आमवात, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजतं आणि पुढे हाड कुरतडलं जातं. तो ऐन तिशी-चाळिशीतही होतो, बायकांना पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट होतो. सांध्यांचा असा दाह लहान मुलांनाही होतो.

आणि बाळंतपणाचं म्हणाल, तर संबंध आहे, पण शेगडीशी नाही. गरोदरपणात हा आजार बऱ्याच जणींचा दबतो आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत उसळतो किंवा पहिल्यांदा दिसतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच या डॉक्टरांनी गरोदर बायकांचे सांधे सुधारतात हे टिपलं होतं. त्याचाच माग काढत त्यांनी 1948 साली एका तरुण रुग्णबाईला कॉर्टिसोन टोचलं. जेमतेम चालणारी ती बाई काही दिवसांत हिंडू लागली. 1950 चं नोबेल त्यांना आणि आणखी दोघांना मिळालं. हेच स्टेरॉइड. त्याचे दुष्परिणाम सगळ्यांना मागाहून कळले.

हे सांगायचं कारण, तसाच 'चमत्कार' आमच्याकडे पुडीतून आला. सासरच्या नात्यातल्या कुणीतरी आणलेली करड्या रंगाची पूड, वर ना नाव ना घटक, फक्त 'सकाळ-संध्याकाळ मधातून'. दोन दिवसांत मूठ वळली. मी पुड्यांवरून भांडले, तेव्हा मलाच म्हणाले, "गुण येतोय तर तुम्हाला का खुपतंय?" महिन्याभरात पोरीचा चेहरा गरगरीत झाला आणि पुडी चुकली की ती अंथरुणातून उठेना. शेवटी मी तिला संधिवाताच्या तज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघूनच विचारलं, "पुड्या चालू आहेत का?" अशा बेनामी पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं सर्रास सापडतं. त्यांनी ती एकदम तोडली नाही. मोजून-मापून गोळी दिली आणि हळूहळू उतरवली. तुमच्याकडे असं काही चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

आमवातासाठी रक्तात बघतात तो तिचा आरए फॅक्टर निगेटिव्ह आला होता, त्यावरही "बघा, काही नाहीये" झालं. आमवाताच्या साधारण 20 ते 30 टक्के रोग्यांत तो निगेटिव्हच असतो. नंतर अँटी-सीसीपी ही आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली.

आता गोळी. मेथोट्रेक्सेट असणार. कॅन्सरला तिचा डोस कितीतरी मोठा असतो. इथे ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, आणि हे घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे, कारण चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आमच्याकडे तिला रविवारची गोळी म्हणतात, पाकिटावर तसं मोठ्या अक्षरात लिहिलंय. फॉलिक ॲसिड वेगळ्या वारी. ठरावीक दिवसांनी रक्त आणि लिव्हरची तपासणी. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात आणि नेमके त्याच काळात लोक पुडीकडे वळतात. मात्र बाळ अंगावर पीत असेल तर ही गोळी चालत नाही, तेव्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगाच. माझ्या मुलीला आधी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे आमवाताचं दुसरं औषध दिलं होतं, मेथोट्रेक्सेट बाळाचं अंगावरचं सुटल्यावर. पुढच्या बाळाचा विचार असेल तर काही महिने आधी बंद करावी लागते, तेही त्यांना विचारूनच.

पथ्याने आमवात जात नाही. दही, चिंच, वांगं, डाळ बंद करून पाजणाऱ्या बाईची उपासमार करू नका. युरिक ॲसिडवाल्या गाऊटचं पथ्य वेगळं, ते इथे आणू नका. घरात विडी-सिगारेट असेल तर ती मात्र बंद करा.

मी डॉक्टर नाही, शिक्षिका होते. प्रत्येकीचं औषध वेगळं असतं, माझ्या मुलीचं तुमच्या बायकोला लावू नका. शेकाने आखडलेल्या बोटांना बरं वाटतं, तेवढं श्रेय मी विहीणबाईंना देते. पण हाड वाचवायचं ते औषधाने, आणि ते पहिल्या काही महिन्यांतच सुरू व्हायला हवं. 

बाळंतपण तुमच्या सासूबाईंनी केलं असेल, तर तुमच्या घरातून त्यांना काय काय ऐकवलं गेलंय ते एकदा बायकोला विचारा. आणि त्यांना फोन तुम्ही स्वतः करा, आईला करायला लावू नका. त्यांचं काही चुकलेलं नाही, हे जावयाच्या तोंडून ऐकायची मी आजही वाट बघतेय.