भाकरी बदलली, साखर नाही : वाचकांचे आहारविषयक प्रश्न

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. पोळी बंद करून तीन महिन्यांपासून दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी देतो, तरी साखर उतरत नाही. भाकरी मानवत नाही का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : भाकरी मानवते आहे, पण ती जास्त होते आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन एका भाकरीच्या उंड्याला किती कोरडं पीठ लागतं ते मोजा. हात सैल असेल तर त्यात 70-80 ग्रॅम पीठ जातं. पोळीला साधारण 30 ग्रॅम लागतं. म्हणजे दोन भाकऱ्या खाणारा माणूस पाच पोळ्यांइतकं पीठ खातो आणि "मी दोनच खाल्ल्या" असं समाधानाने सांगतो. 150 ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे 100 ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात.

ज्वारीत गव्हापेक्षा खूप जास्त तंतू असतात, हा आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. ज्वारीत 100 ग्रॅमला सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात. न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढेच, 11 ग्रॅमच्या आसपास. फरक खरा पडतो तो मैदा आणि पांढऱ्या भाताशी तुलना केल्यावर. जुन्या जेवणाचा गुण एकट्या भाकरीत नव्हता. भाकरीसोबत ताटात जे असायचं आणि जेवणाआधी शेतात जी आठ तास मेहनत व्हायची, त्यातही तो होता.

त्यामुळे 50 ग्रॅम कोरड्या पिठाचा उंडा ठरवा आणि एका वेळी एक किंवा दीड भाकरी द्या. शेजारी 40 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (भिजून-शिजून मोठी वाटीभर होते) आणि वाटीभर पालेभाजी हवीच. वरण पळीवाढं नको, ते दाट करा. 15 ग्रॅम तुरीच्या डाळीच्या पातळ वरणातून जेमतेम 3 ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅम लागतात. रात्रीच्या जेवणानंतर 15 मिनिटं शतपावली नेमाने होऊ द्या. मात्र वडील इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेत असतील तर भाकरी एकदम निम्मी करू नका, साखर अचानक खाली जाईल. आधी डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्या.

प्रश्न : भाकरी थापताना कडा फाटतात, उचलली की मधून तुटते. शेवटी पोळीवरच यावं लागतं. (ठाणे)

उत्तर : पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पीठ धरून ठेवणारा चिकटपणा ताज्या दळणातच असतो. एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. बाजरीचं तर त्याहून कमी, कारण तिच्यात तेल जास्त आणि पीठ लवकर कडू पडतं. घरात आहे ते पीठ संपवायचं असेल तर त्याची उकड काढा : वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी, पाणी उकळलं की पीठ घालून ढवळा, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि गरम असतानाच तळहाताने रगडून मळा. मळण्यात कुचराई केली तर उकडीचीही भाकरी फाटते. एका वेळी एकाच भाकरीचा उंडा मळायचा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते सुकायच्या आत उलटा. पाणी पूर्ण वाळलं तर वरचा थर तडकतो आणि भाकरी फुगत नाही.

प्रश्न : मुलगी 19 वर्षांची, शाकाहारी, हिमोग्लोबिन 9.8. बाजरी, पालक, हळिवाचे लाडू सगळं देतो. मग कमी कशाने? (सांगली)

उत्तर : आधी पाळीत रक्तस्राव किती होतो ते विचारा, कारण बहुतेक वेळा तिथेच गळती असते. 9.8 ही पातळी नुसत्या आहाराने भरून निघायची नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या हव्यातच.

आहारातली चूक बहुधा चहाची असते. धान्य-भाज्यांमधलं लोह शरीरात मुळातच कमी शोषलं जातं, त्यात जेवणालगत चहा घेतला की त्यातले टॅनिन उरलंसुरलं अडवतात. जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नको. उलट ताटात लिंबाची फोड, कच्ची कोबी किंवा आवळा ठेवा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. लिंबू मात्र वाढल्यावर पिळा, उकळत्या आमटीत घातलं तर क जीवनसत्त्व बरंच जातं. पालक लोहासाठी गाजलेला असला तरी त्यातलं लोह फार कमी शोषलं जातं, म्हणून एकट्या पालकावर विसंबू नका, आलटून-पालटून लाल माठ आणि मेथीही करा. हळीव चांगलाच, पण एका लाडवात चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम हळिवातून जेमतेम मिलिग्रॅमभर लोह येतं. तिची रोजची गरज 29 मिलिग्रॅमची आहे. लोखंडी कढईत आंबट आमटी केली तर थोडं लोह उतरतं, फक्त शिजल्यावर ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

प्रश्न : घरी सगळे माळकरी. आईच्या पायांना मुंग्या येतात, तपासणीत बी-12 कमी आलं. मोड आलेली कडधान्यं आणि ताक वाढवलं तर भागेल का? (आळंदी)

उत्तर : नाही. मोडात, पालेभाजीत, आंबवलेल्या आंबिलीत भरवशाचं बी-12 नसतं. शाकाहारात ते दूध-दह्यातूनच येतं. 300 मिलिलिटर दुधातून साधारण एक-सव्वा मायक्रोग्रॅम मिळतं, गरज 2.2 ची आहे, आणि दूध पुन्हा पुन्हा उकळल्याने त्यातलंही घटतं. ताक म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं दही. पेलाभर प्यायलं तरी हिशेबात फार भर पडत नाही. मुंग्या येत आहेत म्हणजे नसांवर परिणाम सुरू झालेला असू शकतो. इंजेक्शन की गोळी, हे डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. आई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेत असतील तर तेही सांगा, दोन्हींमुळे बी-12 कमी होतं. स्वतःच्या मनाने नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नका : रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी मात्र आतल्या आत चालू राहते.

प्रश्न : इथे थंडीत मटकीला मोड येत नाहीत, नुसती बुळबुळीत होते. आणि उसळ खाल्ली की पोट फुगतं. (टोरांटो)

उत्तर : मटकी कोमट पाण्यात आठ तास भिजवा. मग चाळणीवर पूर्ण निथळू द्या, बुळबुळीतपणा राहिलेल्या पाण्यानेच येतो. पंचात सैल बांधून बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवा, तेवढी ऊब पुरते. दर आठ-दहा तासांनी पुरचुंडी धुऊन पुन्हा निथळा. दीड दिवसात बोटाच्या पेराएवढे मोड येतात. आंबूस वास आला तर सरळ टाका. दाताखाली येणारे गणंग, म्हणजे भिजूनही कडक राहिलेले दाणे, भिजवल्यावरच वेचा, त्यांना कितीही ठेवलं तरी मोड येत नाहीत.

पोटासाठी भिजवलेलं पाणी फेकून द्या, वायू करणाऱ्या शर्करा त्यात बऱ्याच उतरतात. पहिले दोन आठवडे रोज पाव वाटीच उसळ घ्या, मग अर्धी. आतड्यांना कडधान्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर मोड कच्चे देऊ नका. मोड आणणाऱ्या उबेत जंतूही वाढतात, त्यामुळे चांगले शिजवूनच वाढा.