ब्लॉकला रंग, बोअरला तेल

वाचक विचारतात: जुन्या गाड्यांची दुरुस्ती

प्रश्न : १९८४ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी करतो आहे. जुलैमध्ये इंजिनाचा ब्लॉक रॉकेलने धुतला, रेड ऑक्साइड मारलं आणि वर साधा ऑइल पेंट दिला. इंजिन सुरू करून आठवडा झाला नाही तोच रंगाचे पापुद्रे निघायला लागले. सगळा रंग काढावा लागेल का? आणि आता कोणता द्यावा?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : काढावा लागेल, आणि पूर्ण. सैल पापुद्रे खरवडून वरून नवा हात दिलात तर तोही त्याच जागी सुटेल.

एकाच कामात तीन चुका झाल्या आहेत. रॉकेल घाण काढतं, पण स्वतः तेलकट थर सोडून जातं. रेड ऑक्साइड गेट-ग्रिलसाठी ठीक. रोज तापून थंड होणाऱ्या इंजिनावर ते आणि त्यावरचा ऑइल पेंट कडक होऊन तडकतात. तिसरी चूक जुलैची. ठाण्याच्या पावसाळी हवेत धुतलेलं बीड पाहता पाहता तांबूस पडतं. डोळ्याला तो नुसता रंगाचा फरक वाटतो, पण असतो गंजच, आणि तुमचा रंग त्या गंजाला धरून बसला होता.

आता पेंट रिमूव्हर आणि तारेचा ब्रश घेऊन ब्लॉक धातूपर्यंत उघडा करा. गरम पाण्यात डिटर्जंट घालून दोनदा धुवा, कॉम्प्रेसरच्या हवेने लगेच सुकवा आणि थिनरने पुसा. पुसायला जुन्या पांढऱ्या बनियनचं कापड घ्या. ते पांढरंच राहीपर्यंत हात थांबवू नका. मग पाण्याचे चार थेंब टाकून बघा. पाणी पसरलं तर धातू स्वच्छ, मोत्यासारखं गोळा झालं तर तेल आहे. चेंबर, म्हणजे खालची तेलाची टाकी, बसतो त्या कडेला हे हमखास होतं, कारण बिडाच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. हीट गनने ती कड तापवा, तेल घामासारखं वर येईल, पुन्हा थिनरने पुसा. गंजाचे डाग राहिले तर तेवढ्यापुरतं फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर लावा, डब्यावर लिहिल्याप्रमाणे पुसून काढा. मशीन केलेल्या पृष्ठभागांना त्याचा थेंबही लागू देऊ नका.

रंग इंजिन एनॅमलच हवा, २०० ते २५० अंश सेल्सिअस सोसणारा. ब्लॉक आणि चेंबरसाठी ४०० मिलीचे दोन स्प्रे कॅन आणा. पहिला हात नुसता धुक्यासारखा, मग दहा-दहा मिनिटांनी दोन हलके हात. एकाच वेळी जाड थर दिला की आतला थिनर अडकतो आणि इंजिन तापल्यावर फोड येतात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि धातू दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम असावा. सोप्या भाषेत, ब्लॉक हाताला कोमट लागला पाहिजे. पावसातच करायचं असेल तर दुपारी, आधी तासभर हॅलोजनसमोर ठेवून. पण ऑक्टोबर गाठता येत असेल तर थांबणंच शहाणपणाचं.

मास्किंग करताना सिलिंडर हेड आणि पॅकिंग बसणाऱ्या सगळ्या जागा झाका, आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवा. अर्थ वायरची जागा तर विसरूच नका. तिच्याखाली रंग गेला की स्टार्टर मरगळतो आणि करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापली की कारण लवकर सापडत नाही.

प्रश्न : हेच एनॅमल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर चालेल?
— एक वाचिका, वाशी

उत्तर : नाही, जळून राखाडी भुकटी होईल. तिथे ६०० अंशांचा सिलिकॉनचा ॲल्युमिनियम हीट पेंट लागतो. खाली प्रायमर नको, थेट ब्लास्ट केलेल्या कोरड्या बिडावर दोन पातळ हात. हा रंग उष्णतेनेच पक्का होतो. तोवर नखानेही निघतो, म्हणून फिटिंग करताना जपा. पहिल्यांदा १० मिनिटं आयडलिंग, पूर्ण थंड, मग २०, पुन्हा थंड, मग ३०. धूर येईल, घाबरू नका, पण गॅरेजचं शटर उघडं ठेवा. एवढं करूनही बिडाच्या मॅनिफोल्डवर तो कायमचा टिकत नाही, हे मनाशी धरून ठेवा.

प्रश्न : मोटार रिवाइंडिंगवाले वापरतात तो लाल इन्सुलेटिंग एनॅमल ब्लॉकच्या आतून मारला तर तेल भरभर खाली उतरतं आणि बीड सील होतं, असं मिस्त्री म्हणतात. मारावा का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : मिस्त्री चूक सांगत नाहीत, ही जुनी पद्धत आहे, रेसिंग इंजिनांत वापरली गेलेली. पण ती नव्या, तेल न लागलेल्या ओतकामावर शोभते. चाळीस वर्षं तेल प्यायलेल्या ब्लॉकवर एक जरी खपली सुटली तरी ती चेंबरमधून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. प्रेशर घसरतं आणि बेअरिंग जातात. रोजच्या गाडीला या रंगाने मिळणारा फायदा तुम्हाला जाणवणारही नाही. त्यापेक्षा ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे, प्लग काढून आतून लांब ब्रशने धुवा. पाण्याच्या जॅकेटमध्येही, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतही, रंग नको. तिथलं संरक्षण कूलंटचं: डिमिनरलाइज्ड पाणी आणि ३० ते ५० टक्के ग्लायकॉल. नळाचं पाणी नको.

प्रश्न : टॅपेट कव्हर, चेंबर आणि ब्रॅकेट रबाळेला पावडर कोटिंगला देणार आहे. सोबत हेड आणि सगळे बोल्टही देऊ का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : पत्र्याची कामं बिनधास्त द्या. मात्र बोल्टच्या डोक्याखालची आणि पॅकिंगची जागा झाकायला सांगा. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन असतो. बोल्टखाली तो दबत जातो, आवळणी ढिली पडते आणि टॅपेट कव्हरमधून तेल गळतं. चेंबर परत आला की सांध्यांत ब्लास्टिंगचे कण उरलेत का बघा.

हेड देऊ नका. कण ऑइलच्या वाटेत अडकले तर काढता काढता नाकी नऊ येतात. ॲल्युमिनियमचं हेड कॉस्टिकच्या टाकीतही बुडवू देऊ नका. धातू काळा पडतो आणि खाल्ला जातो. नुसतं स्वच्छ ठेवलेलं हेडच छान दिसतं. त्यावर क्लिअर लॅकर मारला तर तो पिवळा पडतो आणि त्याच्याखाली पांढरी बुरशीसारखी जाळी पसरते.

साध्या बोल्टना झिंक प्लेटिंग चालेल. हेड स्टड आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट त्यातून वगळा: प्लेटिंगच्या ॲसिडमधला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि बोल्ट ताणावर असताना अचानक तुटतो.

प्रश्न : बोअरिंग, होनिंग करून ब्लॉक आणलाय. पिस्टन यायला तीन आठवडे आहेत. तोवर गंज चढू नये म्हणून काय करू?
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : आजच गरम पाणी-डिटर्जंटने बोअर, म्हणजे सिलिंडरची भोकं, घासून धुवा, होनिंगची भुकटी रॉकेलने निघत नाही. सुकवून त्याच मिनिटाला इंजिन ऑइलचा हात फिरवा, मुख्य बेअरिंगच्या जागाही विसरू नका. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम सुटतो. गंजरोधक व्हीसीआय कागद गुंडाळून वर पिशवी घाला, आणि दर चार दिवसांनी उघडून बोट फिरवा. बोटाला कोरडं लागलं तर पुन्हा तेल.