दम्याच्या अटॅकमध्ये हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण देऊन फायदा होतो, की नुसता आवाज चिरका होतो? भावासाठी डॉक्टरांकडे मागावं का?

'नुसता आवाज चिरका होतो' हे वाक्य एका ज्येष्ठ डॉक्टरांनी राउंडवर, सगळ्यांच्या देखत मला ऐकवलं होतं. म्हणून हा उत्तराचा खटाटोप. मी अमेरिकेत रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वासाचे उपचार करणारी, आहे.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतरची एक बाई. श्वासनलिकेतली नळी काढली आणि थोड्याच वेळात प्रत्येक श्वासाला घशातून शिट्टी वाजायला लागली. गळ्याची खाच आत ओढली जात होती, बोलणं बंद. सॅच्युरेशन मात्र थोड्याशा ऑक्सिजनवर 95. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं, अ‍ॅड्रेनलिनचं नेब्युलायझेशन झालं, पुन्हा नळी घालायची ट्रॉलीही पलंगापाशी आली. मी 70:30 चं, म्हणजे 70 टक्के हेलियम आणि 30 टक्के ऑक्सिजनचं, सिलिंडर जोडलं, घट्ट बसणारा मास्क लावला. बघता बघता मानेचे स्नायू सैल पडले आणि बाईंनी चिरक्या आवाजात पाणी मागितलं. नळी घालावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडवर सगळं श्रेय स्टिरॉइडला! अहो, स्टिरॉइडला सूज उतरवायला तास लागतात. तोवर त्या बाईंना तगवलं कुणी? अ‍ॅड्रेनलिनचा वाटा मी मानते, पण सगळा नाही. सुजलेल्या फटीतून हवा घुसळत जाते आणि अशा प्रवाहाला किती जोर लागणार ते वायूच्या घनतेवर ठरतं. 80:20 मिश्रणाची घनता हवेच्या साधारण एक तृतीयांश. हेलियम काहीच बरं करत नाही, श्वासाचे कष्ट कमी करून वेळ मिळवून देतो. न्यूयॉर्कच्या अल्व्हन बराक यांनी 1930 च्या दशकातच हे रुग्णांवर वापरून दाखवलंय.

आता तुमच्या भावाचं. दम्यात पुरावा कच्चा आहे. बारीक श्वासनलिकांत प्रवाह मुळातच संथ असतो, तिथे घनतेचा फारसा संबंध येत नाही. सॅल्ब्युटामॉल, स्टिरॉइड, गरज पडली तर मॅग्नेशियम, हेच आधी. ज्याला 40 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन लागतो त्याला हेलियम पुरेसा देताच येत नाही. भारतात तर हेलियम जवळजवळ सगळा बाहेरून येतो, महाग पडतो. तेव्हा मागत बसू नका. आणि फुग्यांच्या सिलिंडरचा विचारही नको, त्यात ऑक्सिजन नसतो, माणूस गुदमरून मरतो.

हो, एक राहिलं. शिट्टी थांबली म्हणजे सूज उतरली असं नाही. हा वायू धोका झाकूही शकतो, त्यामुळे नळीची तयारी जवळच हवी. आमच्या त्या बाईंजवळची ट्रॉली मी रात्रभर हलवू दिली नव्हती.

पण घसा सुजलेल्या रुग्णापाशी कुणी 'फुग्याचा वायू' म्हणून हसलं, तर त्याला एवढंच विचारा: ऑक्सिजनचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लोमीटरवर 10 दिसत असताना 80:20 मिश्रण मिनिटाला खरं किती लिटर जातं? 18, कारण मीटर ऑक्सिजनसाठी आखलेला आणि हे मिश्रण हलकं. आमच्या डॉक्टरांना ते माहीत नव्हतं.