जुन्या सेस्ना १७२ चं पॅनल: योक (विमानाचं स्टिअरिंग) पूर्ण आत ढकलल्याशिवाय पत्रा कापू नका

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. जुनं सेस्ना १७२, म्हणजे छोटं चार सीटचं विमान, नवीन जीपीएस-रेडिओ आणि दोन डिस्प्ले येऊन पडलेत, आणि आता जुन्याच पॅनलची (पायलटसमोरच्या उपकरणांच्या पत्र्याची) भोकं वाढवायची की अख्खं नवं पॅनल कापून घ्यायचं? सहा वर्षांपूर्वी मी नेमका इथंच अडकलो होतो. नागपूरला सोनेगाव विमानतळावर, मे महिन्यात, टिनाच्या छपराखाली. पाना हातात धरवत नव्हता इतकं तापून राहिलं होतं.

एसटीसी (विमानात असा बदल करायची मंजुरी), त्याच्या यादीत तुमचं मॉडेल आहे की नाही, वायरिंगचा लोड, हे तुमच्या इंजिनीअरला ठाऊक असणारच. त्यात शिरत नाही. डिस्प्ले गार्मिनच्या जी-५ किंवा जीआय-२७५ सारखे असतील तर ते जुन्या ३⅛ इंचाच्या भोकात बसायलाच बनवलेत. मग नव्या पॅनलचा हट्ट कशाला? पण पॅनलला चिरा असतील, किंवा आधीच्या मालकांनी बुजवलेल्या भोकांची चाळणी झाली असेल, तर नवंच करा. २०२४-टी३ या विमानाच्या ॲल्युमिनियमचा, कागदपत्रांसह आलेला पत्रा घ्या. हिंगणा एमआयडीसीत कापणारे चिक्कार आहेत. 'ॲल्युमिनियम म्हणजे ॲल्युमिनियमच ना साहेब' असं जो म्हणेल त्याच्या दारातून परत फिरा.

आता माझी चूक. ड्रॉइंग सुंदर झालं होतं. समोरून सगळी मापं बरोबर, एकावर एक बसणाऱ्या रेडिओंचा स्टॅक ६¼ इंच रुंद, भोकं मिलिमीटरला मिलिमीटर. रेडिओ ज्यात सरकतो त्या ट्रेची खोलीसुद्धा कनेक्टरसकट धरली होती, सुमारे ११ इंच. जागा होती. फक्त ती मोजली तेव्हा योक अर्धा बाहेर होता (त्याची नळी पॅनलमागे आत-बाहेर सरकते), कारण कंट्रोल लॉक, म्हणजे उभ्या विमानात योक जखडणारी खीळ, लावलेला होता. काढायचा कंटाळा केला, दुसरं काय.

पॅनल कापून आलं, रंगलं, बसलं, वायरी बांधून झाल्या. शेवटच्या तपासणीत मी योक पूर्ण आत ढकलला आणि उजवीकडे फिरवला, तर आतून बारीकसा 'खर्र' आवाज आला. परत फिरवला, परत खर्र. टॉर्च तोंडात धरून, पाठीवर झोपून डॅशखाली शिरलो. उजव्या डिस्प्लेच्या मागून वळणारी वायरींची जुडी योकच्या नळीला घासत होती. जुडी बांधलेल्या प्लॅस्टिक टायचं कापलेलं टोक नळीवर रेघ ओढत होतं. जागेवर उभं राहून हे कधीच दिसलं नसतं. आणि हवेत अडकलं असतं तर? त्या रात्री जेवण गेलं नाही.

जुडी दुसरीकडून नेऊन पाहिली, वळण फारच आवळलं जात होतं. डिस्प्ले पाऊण इंच वर सरकवल्याशिवाय इलाज नव्हता, आणि पाऊण इंचानं भोक सरकत नसतं. जुनं आणि नवं मिळून अंड्यासारखं होतं. म्हणजे नवा पत्रा.

पत्र्याचे पैसे फार नव्हते. मार पडला तो कागदांचा. ड्रॉइंगचं काम ज्या ऑफिसला दिलं होतं (नाव घेत नाही), त्यांनी पाऊण इंचाचा बदल 'नवीन काम' म्हणून धरला. नवीन फी, नवीन नंबर, आणि फोन केला की 'साहेब टूरवर आहेत'. दोन महिन्यांनी कळलं की फाईल पुढे सरकलीच नव्हती. एका पानावर जुना सिरियल नंबर होता म्हणून टेबलावरच पडून होती. बाप्पा, एक फोन करता येत नव्हता? पूर्ण पावसाळा विमान उघड्या पोटानं हँगरात. मिहानमध्ये एवढी मोठमोठी विमानं दुरुस्त होतात, मग लहानाचं काय अडतं, असं ओळखीचे विचारत. काय सांगणार!

म्हणून माझं मत, आणि ते ठाम आहे: आधी पुठ्ठा. फ्रिजच्या खोक्याचा चालतो. त्यात भोकं पाडा, खरे ट्रे, खरे कनेक्टर, वायरीच्या जागी दोरी घालून बसवा. मग लॉक काढून योक आत-बाहेर, डावी-उजवी, चारही कोपऱ्यांत न्या. एकानं फिरवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून बघायचं. आत ढकलल्यावर पॅनलमागचा फोटो तारखेसह फाईलला लावा. ड्रॉइंगवर सही त्यानंतर.

काही फुटकळ गोष्टी. पावडर कोटिंग मला पटत नाही. भट्टीची उष्णता त्या पत्र्याला सोसत नाही असं माझं मत आहे, शिवाय अर्थिंगच्या जागा खरवडत बसावं लागतं. कंपासजवळ स्क्रू पितळी किंवा चुंबक न धरणारे हवेत, पण इतवारीच्या बाजारातून आणू नका, कागद असलेलेच घ्या. स्टॅटिकचे, म्हणजे उंचीमापकाला बाहेरच्या हवेचा दाब पोचवणाऱ्या नळीचे, जोड हलले असतील तर गळती तपासा: उंचीमापकावर १००० फूट दाखवून धरल्यावर मिनिटाला १०० फुटांहून जास्त घसरण नको. कंपास स्विंग (होकायंत्र किती चुकतं ते तपासणं) आणि विमानाचं नवं वजन विसरू नका. जुनी उपकरणं चालवणारा व्हॅक्यूम पंप निघाला असेल तर वजनाचा आकडा बदलतो.

मी तुमचं विमान पाहिलेलं नाही. सही ज्याची, शेवटचा शब्द त्याचा. योक पूर्ण आत असतानाचा पॅनलमागचा फोटो असेल तर टाका, उजव्या बाजूचा आधी.