८५ लाखांत अपमान कुठे होता?

साठी ओलांडलेली मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न हल्ली सारखा ऐकू येतो. "घर विकायला काढलंय, ऑफर येतायत, पण हो म्हणवत नाही. घाई केली तर? आणि थांबलो नि पुढे एवढेही आले नाहीत तर?" खरं तर हे एजंटला विचारायचं. ते माझ्यापर्यंत येतं, तेव्हा गाडं भावावर अडलेलं नाही, असं मी धरून चालते.

सदाशिव पेठेतल्या एका काकूंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). बँकेतून निवृत्त, यजमान गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे दुखरे. अपेक्षा ९५ लाखांची. पहिली ऑफर ८५ ची आली, काकूंनी फोनच ठेवला. मग ८२. मग झोप उडाली.

"८५ म्हणजे अपमान आहे हो!"

"कुणाचा?"

बराच वेळ गेला. "घर बघायला आलेला तो मुलगा स्वयंपाकघरात उभा राहून बायकोला म्हणाला, हे सगळं फोडावं लागेल. तो ओटा ह्यांनी रजा काढून, समोर उभं राहून करून घेतला होता."

त्या मुलानं बोली लावली होती जुन्या बांधकामाची. काकूंनी ती ऐकली यजमानांच्या संसाराची किंमत म्हणून. ऑफरला उत्तर देण्याआधी आपण नेमकं काय ऐकलं हे तपासावं लागतं, आणि ते एकट्यानं जमणं अवघडच.

पुढच्या भेटीत मी विचारलं, "समजा, आज तुमच्या खात्यात ८७ लाख आहेत आणि हेच घर विकायला आहे. घ्याल?"

"तिसऱ्या मजल्यावर? या गुडघ्यांनी? वेड लागलंय का मला!"

म्हणाल्या आणि थबकल्या. मग हसायला लागल्या, हसता हसता रडल्या. मी मध्ये काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला अनुभवानं जमायला लागलंय. जे घर त्या स्वतः ८७ ला घेणार नव्हत्या, ते दुसऱ्यानं ९५ ला घ्यावं असा हट्ट होता. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर वाढलेली. भाव चांगला मिळावा ही इच्छा. मिळायलाच हवा, नाहीतर आमची किंमतच नाही, हा हट्ट. इच्छा घासाघीस करू शकते, हट्ट फोन आपटतो.

पुढचं काम सोपं होतं. पुढची ऑफर येण्याआधीच काकूंनी वहीत आकडा लिहिला: ८६ च्या खाली नाही. तो आला कुठून? त्याच भागात अलीकडे नोंदणी झालेल्या व्यवहारांतून आणि लिफ्टवाल्या छोट्या फ्लॅटच्या खर्चातून. शेजारचे "आमचे एक कोटी आले" म्हणतात, त्यातून नव्हे. शिवाय गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर आहे का, ताबा कधी हवा, हेही लिहिलं. उत्तर दोन दिवसांत द्यायचं, आणि नकार द्यायचा तर आपला आकडा सांगून.

मग ८९ ची ऑफर आली, पण त्यातले दहा लाख रोख. काकूंनी नाही म्हटलं. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर तेवढाच दंड बसू शकतो. शेवटी ८७ लाखांवर विसार झाला, तोही चेकनं.

काकूंचा मुलगा दोन लाखांवरून कुरकुरला. काकूंनी वही पुढे केली.

तुमच्याकडेही ऑफर येत असतील तर आकड्याआधी कागद बघा. घर यजमानांच्या नावावर असेल, तर सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे. मुलांचं हक्कसोडपत्र राहिलं म्हणून चांगलं गिऱ्हाईक हातचं जातं, आणि मग दोष भावाला दिला जातो. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावे भरायचा कर, आधीच कापतो, तेव्हा हातात कमी रक्कम आली म्हणून दचकू नका. मालकांपैकी कुणी परदेशी राहत असेल, तर ही कपात बरीच जास्त असते. विसार घेण्याआधीच सीएला गाठा.